टेंपरेचर गेज आधी उकळत्या पाण्यात तपासा

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मेकॅनिकल गेज (वायरऐवजी बारीक नळीने इंजिनला जोडलेला) बसवल्यावर काटा चुकतोय असं कळलं, तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

१. गेजचा बल्ब (नळीच्या टोकाचा, तापमान ओळखणारा धातूचा भाग) उकळत्या पाण्यात धरा, तळाला टेकवू नका. समुद्रसपाटीजवळ काटा १०० अंश सेल्सिअसवर (२१२ फॅरनहाइट) यायला हवा. उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं, तेवढा फरक धरा.

२. नळी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जाते, त्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारं रबरी कडं) हवाच.

३. उरलेल्या नळीची मोठी, सैल वेटोळी करून एक्झॉस्टपासून लांब बांधा. इंजिन हादरतं, ताठ नळी तिथेच तुटते.

ऑइल प्रेशर गेजच्या नळीलाही असंच वेटोळं द्या. इंजिन सुरू करताच सांधे गळतायत का बघा.

टेंपरेचरची नळी लांब वाटली तरी कापू नका. आतला वायू-द्रव निसटला की गेज कायमचा गेला.