शाळकरी मुलांसाठी विज्ञानकथा लिहायचीय? मग नारळीकरांचं करिअर जरा नीट बघा

अधूनमधून कोणीतरी विचारतंच, की मला आठवी-नववीच्या मुलांसाठी सायन्स फिक्शन लिहायचंय, मराठीतच, सुरुवात कुठून करू आणि यात पैसे किती मिळतात. पैशाचं आधी सांगून टाकते. यावर घर चालत नाही. मराठीत तर नाहीच. त्यामुळे नोकरी सोडायचा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढा, मग पुढचं वाचा.

आणि यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, कारण ज्या माणसामुळे मराठी घरांत विज्ञानकथा पोचली त्याचाही हा साइडचाच उद्योग होता. जयंत नारळीकर, जन्म १९३८ कोल्हापूर, बालपण बनारसला, मग केंब्रिज, १९७२ मध्ये परत येऊन मुंबईत टीआयएफआर ही संशोधन संस्था, १९८८ पासून पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. दिवसभराचं काम खगोलशास्त्र. कथा उरलेल्या वेळात. केंब्रिजमधले त्यांचे गाइड फ्रेड हॉईल, ते स्वतः कादंबऱ्या लिहायचे, १९५७ ची 'द ब्लॅक क्लाऊड' त्यांचीच. म्हणजे शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिल्या तर काही बिघडत नाही हे नारळीकरांनी गुरूकडे बघूनच पाहिलेलं होतं. तुमच्या आसपास असं कोणी नसेल तर निदान नारळीकरांचं आत्मचरित्र वाचा, 'चार नगरांतले माझे विश्व', साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक आहे, लायब्ररीत सहज सापडतं.

आता सुरुवात. तर पहिली कथा कुठे पाठवायची हे ती लिहायच्या आधी ठरवा. उलटं वाटेल पण कामाचं आहे, कारण शब्दमर्यादा आणि तारीख या दोन गोष्टी नसतील तर कथा लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षं 'जवळजवळ पूर्ण' अवस्थेत पडून राहते. नारळीकरांचंही बघा ना, १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथेची स्पर्धा ठेवली म्हणून 'कृष्णविवर' लिहिली गेली. अहमदाबादला एका परिसंवादात कोणाचं तरी रटाळ भाषण चालू होतं, तिथेच बसल्याबसल्या त्यांनी लिहायला घेतली, हे त्यांनीच सांगितलंय. (मीटिंगमध्ये कंटाळणाऱ्यांनो, नोंद घ्या.) पुढची गंमत माहीत असेल तुम्हाला, पण परत सांगते. तोपर्यंत ते पद्मभूषण होते, नाव पाहून बक्षीस दिलं असं व्हायला नको होतं, म्हणून आपल्या ज. वि. ना. या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला आणि नारायण विनायक जगताप नावाने कथा पाठवली. बरं, परिषदेतल्या लोकांना त्यांचं अक्षरही ओळखीचं, म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या अक्षरात उतरवून काढली. आणि पहिलं बक्षीस जगतापांना! तुम्हाला टोपणनाव घ्यायची गरज नाही, पण मुद्दा एवढाच की कथेवर नाव नसतानाही ती उभी राहते का, हे बघायला स्पर्धा ही चांगली जागा आहे. परिषदेची विज्ञानरंजन कथा स्पर्धा असतेच, त्या वर्षीचे नियम बघून घ्या.

लिहायचं काय? इथे बहुतेक जण घसरतात, कारण ते एका कथेत परग्रहवासी, टाइम मशीन, रोबो आणि शेवटी पृथ्वीचा विनाश असं सगळं कोंबतात. एकच गोष्ट बदला. बाकी सगळं जसंच्या तसं, ओळखीचं ठेवा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या मते 'गंगाधरपंतांचे पानिपत', जिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, त्यामुळे तुमच्या टार्गेट वयाच्या कितीतरी मुलांनी ते वाचलेलंही असतं. बदललंय काय, तर १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी इथे लागत नाही, कानाजवळून निघून जाते. बस. एवढंच. आणि त्यातून मराठे पानिपत जिंकतात आणि अख्ख्या देशाचा इतिहास वेगळा होतो.

पण खरं शिकायचंय ते पुढे. इतिहासाचे प्रोफेसर गायतोंडे या वेगळ्या जगात येऊन पडतात तेव्हा लेखक लगेच लेक्चर देत नाही. प्रोफेसर ट्रेनने मुंबईला उतरतात, बोरीबंदर नको इतकं स्वच्छ, कंपनी सरकार अजून आहे, आणि ते आपल्या मुलाला शोधत फोर्ब्स कंपनीच्या ऑफिसात जातात. रिसेप्शनवरची बाई यादी बघते, अजून एक यादी बघते, आणि मान हलवते, या नावाचं इथे कोणी नाही. आपला पोरगा या जगात कदाचित जन्मलेलाच नाही. चौदा वर्षांच्या वाचकाच्या पोटात गोळा येतो तो इथे, क्वांटम फिजिक्सचं स्पष्टीकरण वाचून नाही. स्पष्टीकरण आहेच, पण ते शेवटाकडे, एक मित्र बसवून सांगतो, आणि तोपर्यंत वाचकालाच कळून घ्यायची घाई झालेली असते. आणि पुरावा काय ठेवलाय तर खिशात राहिलेलं बखरीचं एक फाटकं पान. हा क्रम पाठ करा. आधी अडचण, मग धक्का, विज्ञान त्यानंतर.

म्हणून लिहायला बसताना एक वाक्य कागदावर काढा, जर अमुक झालं तर. आणि त्याखाली लगेच दुसरं, की हे आठवीतल्या मुलीला सकाळी शाळेत जाताना कशावरून कळेल. दुसरं वाक्य सुचत नसेल तर पहिलं कितीही भारी असो, बाजूला ठेवा. समजा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र गडबडलं, तर तिला ते बातम्यांतून कळण्यात मजा नाही, पण तिच्या गच्चीवरची कबुतरं संध्याकाळी परत आली नाहीत तर आहे.

विज्ञान तपासा हे सांगायला नको, पण सांगते. तुम्ही खगोलशास्त्रज्ञ नसाल तर ज्यातलं थोडं तरी कळतं तेच घ्या. नर्स असाल तर रक्तगट घ्या, शेतकी कॉलेजला असाल तर बियाणं. कॉलेजातल्या एखाद्या फिजिक्सच्या सरांना दाखवा, ही मंडळी चुका काढायला एका पायावर तयार असतात. अजून एक, कथेतले 'प्रोफेसर काका' कमी करा. दोन पानं समजावून सांगणारा म्हातारा शास्त्रज्ञ आणि 'हो का काका?' म्हणणारा बंड्या, हे मुलांना आता झेपत नाही. खरं सांगायचं तर नारळीकरांच्याही काही कथांत माणसं कमी आणि फळा-खडू जास्त असं मला वाटतं, तेव्हा ते चाललं कारण वाचकांसाठी तो सगळा प्रकारच नवा होता. आता मुलाने तेच व्हिडिओत पाहिलेलं असतं. आणि अंधश्रद्धेवर प्रवचन नको, प्लीज, निम्म्या कथा त्यातच बुडतात.

वाचक ओळखायचा असेल तर मुलांमध्ये जावं लागेल. नारळीकरांकडे पोरं सही मागायला यायची तेव्हा ते सही द्यायचे नाहीत, म्हणायचे पोस्टकार्डवर मला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल. आणि उत्तरं जायची! आता विचार करा, असे प्रश्न येत राहिले तर लेखकाला काय काय कळत असेल, मुलांना कशाची भीती वाटते, कुठे गोंधळ आहे, कुठला शब्द त्यांच्या तोंडात आहे. तुम्ही एवढं करा की ओळखीच्या शाळेत किंवा सोसायटीत मुलं जमवून कच्चा खर्डा मोठ्याने वाचा. 'आवडली का' असं विचारू नका, हो म्हणतात बिचारी. कुठल्या ओळीला चुळबुळ सुरू झाली तिथे पेन्सिलने खूण करा. घरी येऊन तो परिच्छेद उडवा.

मग छापायचं. मराठीत अजूनही दारं म्हणजे मासिकं आणि दिवाळी अंक. मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून आहे, ते चाळून त्यांना काय चालतं ते आधी बघा. दिवाळी अंकाचं साहित्य उन्हाळ्यापासूनच जमायला लागतं, गणपतीत पाठवाल तर पुढच्या वर्षीचं बोला. फाइल युनिकोडमध्ये द्या, आणि प्रूफ मागाच, कारण छापखान्यात दुसऱ्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात. एका अंकात माझ्या कथेतला 'सूर्य' पहिल्यापासून शेवटपर्यंत 'सूय' छापून आला होता आणि मानधन तर अजून यायचंय. फोन करत राहायचा, लाजायचं नाही. एकच कथा एकाच वेळी दोन संपादकांना मात्र पाठवू नका, ही दुनिया लहान आहे, कळतं.

पुस्तकाची घाई नको. नारळीकरांची पहिली कथा १९७४ ची आणि पहिला संग्रह 'यक्षांची देणगी' १९७९ चा, मध्ये पाच वर्षं गेली. आणि २०२१ ला नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आलं तेव्हा वयाची ऐंशी उलटलेली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. तुमच्याकडे दहा-बारा छापलेल्या कथा झाल्या की प्रकाशकाकडे जा, त्यातही एकमेकींसारख्या दोन असतील तर एक काढून टाका.

कोणी 'तुम्ही पैसे भरा, आम्ही छापतो' म्हणालं तर तो प्रकाशक नाही, छापखाना आहे, त्या हिशेबाने ठरवा. करारात किती प्रती, रॉयल्टी कशावर, आणि ऑडिओ, अनुवाद, सिनेमाचे हक्क कोणाकडे हे वेगवेगळं लिहून घ्या. 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' अशी एक ओळ असते मध्येच कुठेतरी, ती सही करायच्या आधी खोडायला सांगा. खोडतात बरेचदा, विचारलं तर.