कामगार कायदे आणि एचआर शिकताना या चुका टाळा

एमपीएम (कर्मचारी व्यवस्थापन), एमएसडब्ल्यू (समाजकार्य) किंवा लेबर लॉचा डिप्लोमा करणाऱ्यांना सर्वात महागात पडते ती ही चूक: कलमे तोंडपाठ करायची, पण त्या कलमाने कारखान्यात कोणाची बाजू बळकट झाली हे पाहायचेच नाही.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप घ्या. सुमारे अडीच लाख कामगार कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार प्रातिनिधिक संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि बोलणीचा हक्कही तिचाच. एवढे समजले की संघटनेची 'मान्यता' हा प्रश्न दोन मार्कांचा उरत नाही. मग १९७१ च्या एमआरटीयू-पल्प कायद्यातली (महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा कायदा) ३० टक्के सभासदांची अट आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतली ५१ टक्क्यांची अट शेजारी ठेवून वाचा. तीन संघटनांत कामगार विभागलेले असतील तर व्यवस्थापनासमोर कोण बसणार, हे स्वतः सोडवून बघा. माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे.

जुन्या नोट्सवर विसंबू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागे, आता ३०० पासून. तरी जुने कायदे टाकून देऊ नका. न्यायालयांचे बहुतेक निवाडे त्यांच्यावरच उभे आहेत.

पदनावावर जाऊ नका. नेमणूकपत्रात 'ऑफिसर' लिहिले म्हणून माणूस कायद्याच्या दृष्टीने कामगार नाही, असे होत नाही. दिवसभर तो प्रत्यक्ष काय करतो ते विचारा. देखरेखीचे काम असेल तर औद्योगिक संबंध संहितेतली १८,००० रुपयांची वेतनमर्यादाही तपासा.

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी, दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम. तिच्या हिशेबात पगाराला ३० ने भागणारे दरवर्षी सापडतात. मासिक पगारदारासाठी भागाकार २६ ने करायचा. शेवटचे वेतन २६,००० आणि नोकरी १० वर्षे असेल, तर एका दिवसाचे १,००० रुपये. गुणिले १५, गुणिले १०, म्हणजे दीड लाख. ३० ने भागलेत तर कामगाराचे २०,००० रुपये बुडतात. उत्तर चुकले तर पहिल्यांदा हा भाजक तपासा, नंतर वेतनात कोणते भत्ते धरले ते.