जुन्या एक्सचेंज सर्व्हरचा मेल अडण्याआधी काय करावं

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात एक्सचेंज २०१३, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा जुना मेल सर्व्हर, अजून चालू आहे आणि निम्मे मेलबॉक्स मायक्रोसॉफ्ट ३६५ या क्लाउड सेवेवर गेले आहेत. अशा ठिकाणी जुन्या सर्व्हरवरून क्लाउडकडे जाणारा मेल मायक्रोसॉफ्ट अडवतं. ऑन-प्रिमायसेस कनेक्टरमधून, म्हणजे ऑफिसातला सर्व्हर क्लाउडला जोडणाऱ्या वाटेनं, आलेला मेल क्लाउड घरचाच समजतो. सर्व्हरच्या सुरक्षेत भोक असेल, तर चोरही त्याच दारानं आत येतो. म्हणून ही अडवणूक योग्यच आहे. २०१३ च्या सुरक्षा दुरुस्त्या ११ एप्रिल २०२३ ला थांबल्या, २०१६ आणि २०१९ चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आधी एक्सचेंज ॲडमिन सेंटरमध्ये (क्लाउडवरच्या मेलचं व्यवस्थापन करण्याचं पान) रिपोर्ट्स, मग मेल फ्लो उघडा. जुन्या सर्व्हरच्या रिपोर्टमध्ये तुमच्या सर्व्हरचं नाव दिसलं की दिवस मोजायला लागा. पहिले ३० दिवस फक्त सूचना असते. मग तासाला ५ मिनिटं मेल रोखला जातो, ही मिनिटं वाढत जातात आणि ९० दिवसांनी दार पूर्ण बंद होतं.

सर्व्हरच्या लॉगमध्ये ४५० ४.७.२३० हा एरर कोड दिसला तर घाबरू नका. मेल रांगेत थांबतो, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. ५५० ५.७.२३० आलं तर मेल परत आलाच समजा.

सर्व्हर २०१९ चा असेल, तर आधी सीयू (क्युम्युलेटिव्ह अपडेट, म्हणजे एकत्रित अपडेट) १४ किंवा १५ वर आणा. त्यावरून सब्स्क्रिप्शन एडिशन, म्हणजे एक्सचेंजची पुढची आवृत्ती, थेट चढते. सिक्युरिटी अपडेटची फाइल .msp असेल, तर तिच्यावर नुसतं डबल-क्लिक करू नका. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधूनच चालवा. नाहीतर काही फाइली बदलल्याच जात नाहीत आणि वेबमेल बंद पडतो. शेवटी सर्व्हर तपासणारी मायक्रोसॉफ्टची हेल्थ चेकर स्क्रिप्ट चालवून खात्री करा.

२०१३ वरून अशी थेट उडी मारता येत नाही. छोट्या ऑफिसनं उरलेले मेलबॉक्स क्लाउडवर हलवावेत, हेच बरं. मात्र जुना सर्व्हर बंद करण्याआधी त्याच्यामार्फत मेल पाठवणारे स्कॅनर आणि बिलिंग सॉफ्टवेअर शोधा. ही यादी हमखास राहून जाते, आणि दुसऱ्या दिवशी पार्टीला चलन जात नाही.

काम मुदतीत होत नसेल, तर त्याच रिपोर्टमधून अडवणूक वर्षाला एकूण ९० दिवस थांबवता येते. हे दिवस एकदम खर्चू नका. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत माणसं सुट्टीवर असतात, तेवढ्यासाठी थोडे राखून ठेवा.