हरवलेलं मांजर: आधी जिन्याखाली बघा

घरात वाढलेलं मांजर निसटलं की सहसा लांब जात नाही. घाबरून जवळच्याच फटीत दडून बसतं आणि मालकाने हाक मारली तरी ओ देत नाही. म्हणून शेजाऱ्यांना "दिसलं का?" एवढं विचारून भागत नाही, गॅरेज, माळा, जिन्याखालची अडगळ उघडून दाखवायला सांगा. रात्री सामसूम झाल्यावर टॉर्च आपल्या डोळ्यांजवळ धरून जमिनीलगत प्रकाश फिरवा. मांजराच्या डोळ्यांतला आतला थर उजेड परत फेकतो, त्यामुळे अंधारात दोन हिरवट ठिपके चमकतात. दिसलं की धावू नका. खाली बसा, ओळखीच्या खाण्याचा वास येऊ द्या.

कुणाचं तरी जनावर आपल्याला सापडलं, तर पशुवैद्याकडे मायक्रोचिप, म्हणजे खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप, तपासून घ्या. चिप म्हणजे जीपीएस नव्हे, तिच्यातून फक्त नंबर मिळतो, बहुधा १५ अंकी. ती कधी कधी जागेवरून सरकते, तेव्हा स्कॅनर पुढच्या पायांवरूनही सावकाश फिरवायला लावा. त्या नंबरच्या नोंदीतला मालकाचा फोन नंबर जुना असेल, तर तिथेच गाडी अडते.

सापडलेल्या जनावराचा फोटो टाकताना एक खूण न दाखवता राखून ठेवा, समजा पोटावरचा डाग. ती खूण जो आपणहून अचूक सांगेल, त्याच्याच हाती जनावर द्या.