रेंज आहे तोवर: वेळासला निघण्याआधीची तयारी

ताम्हिणी घाटात मुळशीचं पाणी मागे पडलं की आमच्या गाडीतले फोन एकेक करून मुके होतात. आधी नवऱ्याचा, मग माझा, सगळ्यात शेवटी सासऱ्यांचा, आणि त्याचा त्यांना दरवेळी सूक्ष्म आनंद होतो. पहिल्या खेपेला आम्ही इथेच फसलो. वेळास या कोकणातल्या समुद्रकाठच्या गावातल्या होमस्टेच्या काकूंनी लोकेशन पाठवलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर ते दिसतही होतं, पण दाबलं की नकाशाच्या जागी नुसता करडा चौकोन. मंडणगडच्या पुढे तीन ठिकाणी गाडी थांबवून "वेळासला हाच रस्ता ना?" विचारत गेलो. तेव्हापासून माझी यादी बॅगांप्रमाणे नसते. ज्याला नेट लागतं ते सगळं बुधवारी रात्री घरच्या वाय-फायवर उरकायचं, आणि ज्याला लागत नाही ते शुक्रवारी पहाटेपर्यंत चाललं तरी चालतं.

पण सगळ्यात पहिला असतो तो एक फोन, आणि तो बुधवारच्याही आधी करायचा. वेळासला आपण ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं बघायला जातो, आणि ती आपल्या सुट्टीप्रमाणे बाहेर येत नाहीत. अंडी घातल्यापासून पिल्लं यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात, ऊन-गारव्याप्रमाणे दिवस मागेपुढे होतात. तेव्हा काकूंना विचारायचं, "हॅचरीत या आठवड्यात किती घरटी येण्यासारखी आहेत?" हॅचरी म्हणजे अंडी राखायची जाळीची जागा, आणि घरटं येणं म्हणजे त्यातली पिल्लं बाहेर येणं. हंगाम ढोबळमानाने फेब्रुवारी ते एप्रिल, त्यात मार्च आम्हाला लाभलाय. तरीही मुलांना आधीच सांगून ठेवते की कदाचित एकही कासव दिसणार नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे अंडी राखायला सुरुवात केली, पुढे गावाने ते काम आपलं मानलं. त्यामुळे इथे राहणं, जेवणं, सगळं गावातल्या घरांमधूनच होतं. हॉटेलसारखी "रूम सर्व्हिस" शोधणाऱ्यांनी पलीकडे हरिहरेश्वरला जावं.

बुधवारी रात्री जेवणं झाली की डायनिंग टेबलावर सगळ्यांचे फोन ओळीने मांडते. नकाशा पहिला. गूगल मॅप्समध्ये कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबलं की ऑफलाइन मॅप्स येतं. तिथे पुण्यापासून बाणकोट खाडीपर्यंतचा चौकोन ओढून उतरवून घ्यायचा, आणि तोही दोन फोनवर, कारण एक फोन नेमका चार्जिंगला मागच्या सीटवर असतो. जीपीएसला नेट लागत नाही, त्यामुळे निळा ठिपका रेंज नसतानाही आपली जागा दाखवत राहतो. ऑफलाइन नकाशात ट्रॅफिक मात्र कळत नाही. आणखी एक खोच आहे. नकाशा कधी कधी बागमांडल्याहून खाडीपलीकडच्या वेसवीला फेरीबोटीने नेतो. मुलांना बोटीवर गाडी चढवायची मजा वाटते, मलाही वाटते, पण फेरी चुकली तर पुढची येईपर्यंत धक्क्यावर थांबावं लागतं. सरळ रस्त्यानेच जायचं असेल तर रूट ऑप्शन्समध्ये फेरी टाळा असं टिक करून ठेवा. माणगाव, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड, वेळास ही नावं मी एका कागदावरही लिहिते आणि डॅशबोर्डला चिकटवते. हसतात सगळे. हसू देत.

मग जागा मोकळी करणं. इथे सासऱ्यांच्या फोनवर जरा बसावं लागतं, कारण सगळ्या आळीच्या शुभ सकाळ तिथे मुक्कामाला असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. सगळ्यात जड फाइली वर दिसतात, ग्रुपप्रमाणेही दिसतात. मागच्या वेळी एकट्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपने अकरा जीबी अडवले होते. पुसताना त्यांना शेजारी बसवायचं. एकदा मी परस्पर पुसलं आणि त्यात त्यांच्या मित्राच्या एकसष्टीचे फोटो गेले, ते अजून निघतं. फोटो आपोआप उतरणं तिथेच बंद करून टाकलं की महिनाभर तरी शांतता. त्यांचं मेलही तपासते, कारण गूगलचे फुकट १५ जीबी हे फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून आहेत, आणि ते भरले की मेल यायची थांबते. १ जून २०२१ पासून फोटोही त्या हिशेबात धरले जातात, हे अजून पुष्कळांच्या गावी नाही.

व्हिडिओचं सेटिंग फोर-के वर असेल तर फुल एचडीवर आणून ठेवा. वाळूवरची पिल्लं फुल एचडीतही छानच दिसतात आणि फोन दुसऱ्याच दिवशी "जागा नाही" म्हणून रडत नाही. थोरल्याचं मत वेगळं आहे. त्याने स्वतःच्या पैशांनी कार्ड घ्यावं आणि हवं तेवढं फोर-के करावं.

आता ते सेटिंग, ज्याच्यासाठी खरं तर ही यादी मी लिहायला लागले. दोन वर्षांपूर्वीची संध्याकाळ. स्वयंसेवकाने जाळीच्या आत वाकून घरट्यावरची टोपली उचलली, खाली वाळू हलत होती. बोटभर लांबीची, काळसर, वाळूने माखलेली पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून चढत होती. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे उकिडवे बसलेलो. पिल्लं समुद्राकडे सोडली, सूर्य टेकलेला, कोणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं. आणि सासऱ्यांचा फोन आला. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मीच कधीतरी कॉल आल्यावर फ्लॅश लुकलुकेल असं लावून दिलं होतं. खिशातून तो पांढरा उजेड लपालप सुरू झाला. पिल्लं समुद्राच्या बाजूचा उजेड बघून दिशा धरतात, वेगळा उजेड दिसला की भरकटतात. सगळ्यात पुढच्या दोघांनी खरंच मान वळवली की मला अपराधीपणाने तसं वाटलं, सांगता येत नाही. स्वयंसेवक ओरडला नाही. नुसता "काका, फोन" म्हणाला. मामंजी परतीच्या वाटेवर अवाक्षर बोलले नाहीत.

तर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन फ्लॅश नोटिफिकेशन किंवा फ्लॅश अलर्ट नावाचं जे काही असेल ते बंद करायचं. कॅमेरा उघडून विजेचं चिन्ह "ऑटो" वर नसून पूर्ण बंद आहे ना ते बघायचं, कारण ऑटो म्हणजे तिन्हीसांजेला हमखास चालू. वेगळा कॅमेरा नेणार असाल तर त्याचा फोकस जुळवायला लागणारा लाल-नारिंगी दिवाही मेनूतून बंद होतो. स्क्रीनचा उजेड खाली आणायचा. आणि किनाऱ्यावर पाऊल ठेवताना सगळ्यांनी फ्लाइट मोड. तसाही तिथे फोन रेंज शोधण्यात बॅटरी जाळत असतो, त्यामुळे बॅटरी वाचते ती वेगळीच. कॅमेरा चालतो, जीपीएस चालतं, मावशींचा फोन येत नाही.

पक्ष्यांसाठी मर्लिन नावाचं अ‍ॅप आहे, कॉर्नेल विद्यापीठाचं, फुकट. भारताचा पॅक घरी उतरवून घेतला की नेट नसतानाही आवाजावरून पक्षी ओळखतं. धाकटी पहाटे अंगणात फोन धरून उभी असते, आणि सासूबाई आतूनच "कोकीळ आहे गं, त्याला कशाला यंत्र?" म्हणतात. वेळासला समुद्री गरुडही आहेत, तेव्हा दुर्बीण बॅगेत वरच ठेवा, कपड्यांच्या तळाशी नको.

चार्जिंगचा हिशेब एकदा समजून घेतला की दुकानात फसत नाही. पॉवर बँकेवर १०००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचं. बाहेर ५ व्होल्टने देताना त्याचे ७४०० होतात, त्यातून उष्णतेत काही जातात, हातात साधारण ६००० ते ६५०० पडतात. म्हणजे ५००० च्या फोनला दोनदा पुरेल असं समजू नका, दीडदा फार फार तर. आम्ही सहा जण आहोत, म्हणून दोन बँका आणि एक जुना एक्स्टेंशन बोर्ड. कोकणातल्या घरांत मोठ्या खोलीला एकच प्लग असू शकतो आणि त्याच्यावर आधीच डासांचं मशीन लावलेलं असतं.

पैशांचं थोडक्यात. यूपीआय नेटवर चालतं. *९९# हा डायल करून पैसे पाठवायचा नंबर, त्याला नेट लागत नाही, पण रेंज लागतेच, म्हणजे इथे तेही अडलं. माणगावात रोख काढून घ्या, त्यात शंभर-पन्नासच्या नोटा जास्त. पेट्रोलही पुढच्या भरवशावर ठेवू नका. गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये असतात आणि ते कायद्याने मूळ कागदांसारखेच धरले जातात, पण अ‍ॅप उघडायला नेट नसेल तर हवालदारासमोर गोल फिरणारं चक्र दाखवून उपयोग नाही. लायसन्स, आरसी आणि पीयूसी कप्प्यात असू द्या.

मामंजींच्या आणि आईंच्या फोनवर लॉक न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती भरून ठेवलीय: रक्तगट, चालू गोळ्या, आमचे दोघांचे नंबर. गोळ्या मात्र हातातल्या पर्समध्ये, डिकीत नाहीत. माझ्या आईला आदल्या रात्री फोन करून सांगते, "दुपारी चारपर्यंत फोन आला नाही तरी घाबरू नकोस, रेंज नसते." लाइव्ह लोकेशन पाठवून बघितलं होतं एकदा. घाटात ठिपका गोठला आणि तिने गणपती पाण्यात ठेवले.

लॅपटॉप मी नेत नाही, पण निघण्याआधी त्याच्यावर तासभर काम असतं. यादी एक्सेलमध्ये आहे, दर वर्षी तीच उघडून नव्या नावाने जपून ठेवते. नावात तारीख उलटी लिहायची, वर्ष-महिना-दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमाने लागतात. होमस्टेचा नंबर, रस्ता, पत्ता असं पाच ठिकाणांहून कॉपी करताना विंडोजची की आणि व्ही दाबा, आधी कॉपी केलेलं सगळं ओळीने समोर येतं. पहिल्यांदा ते चालू करायचं का असं विचारतं, हो म्हणा. शोधता शोधता बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येतो. आमच्या घरात या एकाच युक्तीसाठी मला मान आहे. छापताना एका पानावर दोन पानं घ्या, मधोमध घडी घातली की खिशात मावतं. हा लॅपटॉप अजून विंडोज १० वर आहे. त्याचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याच्यावर बँकेचं काही करत नाही, फोटोंच्या कामापुरता ठेवलाय.

खाण्याचं खातं सासूबाईंचं आणि त्यांच्या यादीला चार्ज लागत नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, धाकटीला घाट लागतो म्हणून लिंबू आणि आल्याच्या वड्या, कागदी पिशव्या. मी त्यांना एक्सेलमध्ये रकाना करून दिला होता. त्यांनी त्याच्या प्रिंटच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःची यादी लिहिली. त्यात "जुनं धोतर" असं होतं. विचारलं तर म्हणाल्या, वाळूचे पाय पुसायला, गाडीत बसायच्या आधी. ते आता माझ्या फाइलीत कायमचं आहे. त्याच्या शेजारी मी झिपच्या पिशव्या लिहिल्यात, एका फोनला एक. चार्जिंगच्या भोकात पाणी किंवा वाळू गेली असेल तर लगेच वायर खुपसू नका. भोक खाली करून हलके आपटा आणि वाऱ्यावर सुकू द्या. तांदळात पुरून ठेवायची गरज नाही, उलट पीठ आत जातं.

शेवटचा भाग परतल्यावरचा, पण त्याची तयारी आधीच करायला लागते, म्हणून यादीत आहे. पहिल्या वर्षी आल्या आल्या मी कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो कट-पेस्ट केले. मध्येच मांजराने वायर ओढली. काही इकडे आले, काही तिकडे राहिले, आणि बाणकोट किल्ल्यावरचे कुठेच नाहीत. आता आधी एक्स्टर्नल डिस्क तपासून ठेवते, जागा आहे ना, फॉरमॅट (फाइली साठवायची पद्धत) कुठला आहे. जुन्या पेनड्राइव्हवर फॅट-३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्याच्यात बसतच नाही. पेनड्राइव्ह निम्मा रिकामा असला तरी नाही. एक्स-फॅट करून घ्यावा, पण आतलं आधी काढून घेऊन, कारण फॉरमॅट केलं की सगळं जातं. परतल्यावर नेहमी कॉपी, कट कधीच नाही. मग दोन्हीकडची फाइलींची संख्या जुळवायची, मधलेच चार-पाच फोटो उघडून बघायचे. एक प्रत लॅपटॉपवर, एक डिस्कवर, आणि एक डिस्क भावाकडे चिंचवडला, जी दिवाळीला बदलली जाते. कार्ड मात्र तसंच डब्यात ठेवायचं, आणि पुढच्या ट्रिपच्या आदल्या रात्री, ती तिसरी प्रत जागेवर आहे असं भावाला फोन करून विचारल्यावरच, कॅमेऱ्यातून फॉरमॅट करायचं.