गॅलेक्टिन-३वर काम सुरू करताना

एमएस्सी करून ग्लायकोबायोलॉजीच्या, म्हणजे पेशींमधल्या साखरांचा अभ्यास करणाऱ्या, लॅबमध्ये येणाऱ्या मुलामुलींना मी आधी गॅलेक्टिन-३ हातात घ्यायला सांगते. माणसाच्या शरीरातलं हे साखर धरणारं प्रथिन ई. कोलाय या जिवाणूमध्ये सहज तयार होतं, आणि जनुकापासून प्रथिनाच्या कामापर्यंतचा सगळा प्रवास एकट्याला करता येतो.

याचं जनुक एलजीएएलएस३, १४व्या गुणसूत्रावर. प्रथिन २५० अमिनो आम्लांचं. एन-टोकाकडे, म्हणजे साखळीच्या सुरुवातीला, प्रोलीन-ग्लायसीनची पुनरावृत्ती असलेली लांब, लवचिक शेपटी. सी-टोकाकडचा, म्हणजे शेवटचा, सुमारे १३० अमिनो आम्लांचा भाग बीटा-गॅलॅक्टोसाइड (गॅलॅक्टोज असलेल्या साखरा) धरतो. तिथल्या १८१व्या ट्रिप्टोफॅनवर गॅलॅक्टोजचं कडं सपाट टेकतं. लांब शेपटी आणि साखर धरणारा भाग अशी जोडणी असलेलं, गॅलेक्टिन या प्रथिनांच्या कुटुंबातलं, माणसात हे एकच आहे.

पेपर शोधताना जुनी नावंही टाका: मॅक-२, सीबीपी-३५, एल-२९. गॅलेक्टिन हे नाव १९९४मध्ये ठरलं. आणि प्रायमर किंवा अँटिबॉडी मागवताना एलजीएएलएस३बीपीपासून सावध राहा. ते १७व्या गुणसूत्रावरचं वेगळंच जनुक आहे. त्याचं प्रथिन गॅलेक्टिन-३ला चिकटतं, एवढाच संबंध.

शुद्धीकरण लॅक्टोज-सेफारोजच्या (लॅक्टोज जोडलेल्या मण्यांच्या) कॉलमवर करतात आणि लॅक्टोजनेच प्रथिन सोडवतात. इथे नवखी मुलं खूश होऊन थांबतात, आणि मला नेमकं इथेच त्यांना थांबू द्यायचं नसतं. शेपटी तुटली तरी सी-टोकाचा तुकडा साखर धरतच राहतो, म्हणजे कॉलमवरून तोही व्यवस्थित उतरतो. पण रेणू एकमेकांशी जोडले जाऊन पेशींना बांधतात ते शेपटीच्या जोरावर. म्हणून प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल चालवून बघाच: अखंड प्रथिनाचा पट्टा ३० किलोडाल्टनच्या आसपास दिसतो, खाली आणखी एखादा दिसला तर शेपटी कापली जाते आहे. त्यानंतर तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात का ते तपासा. लॅक्टोज घातल्यावर गुठळ्या थांबायला हव्यात, सुक्रोज घातल्यावर थांबायला नकोत. सुक्रोजचा हा कंट्रोल वगळलेला निकाल मी तरी मान्य करत नाही. लॅक्टोजने गुठळ्या थांबल्या म्हणजे बंध साखरेमुळेच होता, हे त्याशिवाय ठामपणे म्हणता येत नाही.

क्लोन (जनुकाची प्रयोगासाठीची प्रत) दुसऱ्या लॅबकडून आला असेल तर आधी त्याचं सीक्वेन्सिंग करून घ्या. जनुकातल्या आरएस४६४४ या क्रमांकाच्या जागी माणसामाणसांत फरक असतो: ६४व्या स्थानी कुणात प्रोलीन, कुणात हिस्टिडीन. ही जागा शेपटीतच आहे, आणि हिस्टिडीन असलेलं प्रथिन मेटॅलोप्रोटिएज ही प्रथिनं कापणारी विकरं जास्त सहज कापतात. पेशींवरचे प्रयोग करणार असाल तर आपल्याकडे कोणतं रूप आहे ते वहीच्या पहिल्याच पानावर लिहा, आणि शुद्ध प्रथिन छोट्या छोट्या नळ्यांत वाटून गोठवा.