मिवा डोंगराला जायचंय? मग सकाळीच निघा

क्योटोला जाणारे बहुतेक जण फुशिमी इनारीच्या लाल कमानींखाली फोटो काढून परत येतात, पण जपानी लोक ज्याला खरा पॉवर स्पॉट (म्हणजे दैवी शक्ती जाणवते अशी जागा) मानतात तसं काही बघायचं असेल तर नारा शहराच्या दक्षिणेला साकुराई शहरातलं ओमिवा देऊळ गाठा. जपानमधल्या सगळ्यात जुन्या देवळांपैकी एक मानतात हे, आणि गंमत म्हणजे इथे गाभाराच नाहीये! मागचा ४६७ मीटरचा मिवा डोंगर हाच देव, समोरच्या मंडपातून त्यालाच नमस्कार करायचा. आपल्या देवराईतून जशी वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही ना, तसंच इथे.

नाराहून जेआर (जपान रेल्वे) कंपनीची मान्यो-माहोरोबा लाईन पकडायची, मिवा स्टेशनला उतरायचं, तिथून चालतच. देवळात शिरताना हात धुवा, तोंड खळखळून घ्या, मग दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, आणि शेवटी परत एकदा वाकायचं. मंडपासमोर एक जुनं सुगीचं, म्हणजे जपानी देवदाराचं झाड आहे, त्याच्यापुढे लोक अंडी आणि साके (तांदळाची दारू) ठेवतात, कारण इथला देव ओमोनोनुशी सापाच्या रूपात येतो असं मानतात आणि सापाला अंडी आवडतात, हिशोब सरळ आहे.

डोंगर चढायचा असेल तर मात्र बाजूच्या ‘साई’ नावाच्या देवळात (आपल्या साईबाबांचं नव्हे) जावं लागतं. तिथे फॉर्म भरायचा, ३०० येन द्यायचे, मग घंटी लावलेला एक पांढरा पट्टा मिळतो तो गळ्यात घालायचा आणि उतरल्यावर परत द्यायचा. नोंदणी दुपारी बाराच्या आतच आणि तीनपर्यंत खाली यावंच लागतं, म्हणून म्हणते सकाळीच निघा. पाऊसबिऊस जोरात असेल किंवा मोठा उत्सव असेल तर चढाई बंद, त्यामुळे आदल्या दिवशी साईट चेक करा.

फोटो अजिबात नाही!! फोन बॅगेत. पाणी चालतं पण खाणं नाही, आणि वर टॉयलेट नाही, ते खालीच उरकून घ्या (हे सगळ्यात महत्त्वाचं). वाट चांगलीच उभी आहे, मुळं, लाकडी पायऱ्या, मध्ये एक छोटा धबधबा, पकडीचे शूज हवेतच, तरी काही भाविक अनवाणी चढताना दिसतात. वर खडकांचा एक पवित्र समूह आहे, त्याला हात लावायचा नाही की दगड खिशात घालायचा नाही. जाऊन-येऊन दोनेक तास धरा.

उतरल्यावर साई देवळातल्या औषधी विहिरीचं पाणी प्या, बाटलीही भरून घ्या. भूक लागणारच, आणि मिवा म्हणजे सोमेन शेवयांचं माहेरघर, उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम रश्शात मिळतात. फक्त शाकाहारी असाल तर ऑर्डरच्या आधी विचारा, रस्सा बहुतेक वेळा माशाचाच असतो.